एचओएच्या घरात राहून होडी ठेवायची कुठे

टेक्सासात डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, लिटल एल्म, द कॉलनी ह्या पट्ट्यात आता मराठी घरं बरीच झालीयेत, आणि लुईसव्हिल लेक इतका जवळ आहे की दोन-तीन उन्हाळे काठावरून गळ टाकून झाले की छोटी होडी घ्यावी असं वाटायला लागतंच. मी १४ फुटी अॅल्युमिनियमची जॉन बोट घेतली, सपाट बुडाची, मागे छोटी मोटर. आता ओळखीतले दोघं-तिघं घ्यायच्या विचारात आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ठेवायची कुठे, कारण सोसायटीत, म्हणजे इकडच्या एचओएत (घरमालकांच्या संघटनेत), ड्राइव्हवेवर होडी चालत नाही. म्हणून जे सगळ्यांना फोनवर सांगतो ते एकदा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी घर घेताना मिळालेले डीड रिस्ट्रिक्शनचे, म्हणजे घरासोबत येणाऱ्या नियम-अटींचे, कागद काढा आणि होडी-ट्रेलरचं कलम शब्द न् शब्द वाचा, शेजारी काय म्हणतो त्यावर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी नियम "होडी ठेवायचीच नाही" असा नसतो, "रस्त्यावरून दिसायला नको" असा असतो, म्हणजे बंद गॅरेजमध्ये चालते, काही ठिकाणी उंच कुंपणाच्या मागेही चालते, आणि धुवायला किंवा सामान भरायला एक-दोन दिवस बाहेर ठेवायची सवलतही बऱ्याचदा लिहिलेली असते. काही शहरांचे स्वतःचे नियम वेगळे असतात, ट्रेलर पक्क्या फरशीवरच हवा, गवतावर नको वगैरे, तेही बघायचं.

नोटीस आलीच तर घाबरायचं कारण नाही. टेक्सास प्रॉपर्टी कोडच्या २०९ व्या प्रकरणाप्रमाणे दंड लावायच्या आधी एचओएला लेखी नोटीस द्यावी लागते, दुरुस्त करायला वाजवी मुदत द्यावी लागते, आणि तुम्ही ३० दिवसांच्या आत लेखी मागितलंत तर बोर्डासमोर सुनावणी मिळते. फक्त सहा महिन्यांच्या आत तीच गोष्ट परत केली तर ती मुदत पुन्हा मिळत नाही, हे लक्षात ठेवा. फ्लोरिडावाल्यांचं बरं आहे, तिथे २०२३ च्या कायद्याने समोरून किंवा शेजारच्या प्लॉटवरून न दिसणारी वस्तू ठेवायला एचओए अडवू शकत नाही आणि त्या यादीत होडीचं नाव स्पष्ट घातलंय. टेक्सासात सोलर पॅनलला, पावसाचं पाणी साठवायच्या बॅरलला कायद्याचं संरक्षण आहे, होडीला नाही. त्यामुळे बोर्डाशी भांडत बसण्यात मला अर्थ वाटत नाही, त्या कागदांवर आपण सह्या केल्यात आणि शेजाऱ्यांना रोज तोंड दाखवायचंय.

मग गॅरेज. टेप घेऊन मोजा, अंदाजाने नको. इकडचं दोन गाड्यांचं गॅरेज साधारण २० फूट खोल असतं, आणि १४ फुटी होडी म्हटली तरी ट्रेलरचा पुढचा दांडा आणि मागची मोटर धरून १७-१८ फूट सहज होतात, त्यात समोर फ्रीज नाहीतर शेल्फ असेल तर संपलंच. दांडा दुमडणारा ट्रेलर मिळतो, त्याने दोनेक फूट वाचतात, आणि तिरकी लावली तर अजून थोडी जागा निघते. पण पेट्रोलची सुटी टाकी गॅरेजमध्ये ठेवू नका प्लीज. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असला तर तो बऱ्याचदा मुद्दाम १८ इंच उंचावर बसवलेला असतो तो ह्याच कारणासाठी.

गॅरेजमध्ये बसत नसेल तर भाड्याची जागा, आणि इथे माझं मत पक्कं आहे. जागा घराजवळ बघू नका, पाण्याजवळ बघा. सगळे पहिल्यांदा घराजवळचं स्टोरेज शोधतात कारण होडी नजरेजवळ हवीशी वाटते, पण मग शनिवारी पहाटे उठून आधी उलट्या दिशेला स्टोरेजला जायचं, ट्रेलर जोडायचा, ३८० हायवेच्या ट्रॅफिकमधून तो ओढत लेकवर न्यायचा, परत येताना थकलेले असताना तेच सगळं उलटं, आणि असं झालं की माणूस हळूहळू जायचाच बंद होतो, भाडं मात्र चालू राहतं. रॅम्पपासून, म्हणजे होडी पाण्यात उतरवायच्या उतारापासून, दहा मिनिटांवर होडी असेल तर ऑफिसनंतरही तासभर पाण्यात जाऊन येता येतं, उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो. महिन्याला थोडे जास्त पडले तरी ते पैसे वसूल होतात.

कोकणात वाढलेल्यांना हे नवीन नाही. होडी दारात कोण ठेवतं? ती किनाऱ्यावरच असते, पावसाळ्याआधी ओंडक्यांवरून वर ओढतात, झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढे दिवस ती तशीच, पण घरातलं कुणी ना कुणी जाऊन बघून येतंच, दोर सैल झालाय का, आत पाणी साचलंय का. इथेही तेच करायचंय, मोठा पाऊस झाला की एक चक्कर मारायची.

जागा बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी गेटची वेळ विचारा. बऱ्याच ठिकाणी गेट सकाळी सहा-सातला उघडतं आणि मासे तुमच्यासाठी थांबत नाहीत, पहाटे पाचला कोडने आत जाता येतं का ते करारात लिहून घ्या. दोन रांगांमधली वाट किती रुंद आहे ते बघा, नवीन माणसाला ट्रेलर रिव्हर्स घ्यायला जागा लागते. खाली काँक्रीट उत्तम, खडी चालेल, गवत नको, ओल धरते आणि लाल मुंग्या होतात. उघड्यावर, नुसत्या छपराखाली की पूर्ण बंद, तर माझ्या मते छपराखाली ठेवा, बंद युनिट छोट्या होडीला महाग पडतं, आणि उघड्यावर इकडचं ऊन ट्रेलरचे टायर तडकवतं, शिवाय मार्च ते मे मधल्या गारा आहेतच.

ठेवताना पुढची बाजू उंच करायची आणि मागचा ड्रेन प्लग काढून ठेवायचा, म्हणजे पाऊस आत गेला तरी वाहून जातो. मोटर सरळ उभी ठेवायची, नाहीतर आत राहिलेलं पाणी थंडीत गोठून खालचं गिअरचं घर फोडतं, फेब्रुवारी २०२१ ची थंडी इथल्या कुणी विसरलेलं नाही. बॅटरी घरी आणायची. पेट्रोल महिनाभर पडून राहणार असेल तर ते खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर घालायचं, पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं.

प्लगची अजून एक गोष्ट, ही कायद्याची आहे. लुईसव्हिल लेकमध्ये २०१३ पासून झीब्रा मसल म्हणजे चिमुकले शिंपले आहेत, होडीतल्या थोड्याशा पाण्यातूनही त्यांची पिल्लं दुसऱ्या तळ्यात जातात. २०१४ पासून पूर्ण टेक्सासात लेक सोडताना होडीतलं सगळं पाणी काढणं बंधनकारक आहे, आणि मसल नेताना पहिल्यांदा सापडलात तरी ५०० डॉलरपर्यंत दंड होतो. दुसऱ्या तळ्यावर न्यायची असेल तर आठवडाभर तरी कोरडी होऊ द्या. ही तळी आपली पिण्याच्या पाण्याची आहेत, त्यामुळे हे मनापासून पाळा.

आता विमा, ज्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत होडी, मोटर आणि ट्रेलर मिळून १५०० डॉलरच्या आसपासचीच मर्यादा असते, आणि घराच्या आवाराबाहेरून चोरी झाली तर बऱ्याचशा पॉलिसी काहीच देत नाहीत. म्हणजे होडी स्टोरेजला गेली त्या दिवसापासून तिला चोरीचं संरक्षण नाही असंच धरून चाला, स्टोरेजवाल्यांच्या करारातही चोरीची जबाबदारी बहुतेक तुमचीच लिहिलेली असते. होडीची वेगळी पॉलिसी घ्या, छोट्या होडीला ती फार महाग नसते. ट्रेलरच्या कपलरला (गाडीला जोडायच्या तोंडाला) कुलूप, एका चाकाला कुलूप, आणि होडीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला वर १२ अक्षरी हल नंबर (होडीचा ओळख क्रमांक) असतो त्याचा फोटो काढून मोटरच्या नंबरसकट फोनमध्ये ठेवा, पोलिसांना आणि विमावाल्यांना तोच लागतो.

आणि वर्षातून चार-पाच वेळाच जाणार असाल तर ट्रेलरवाली होडी घेऊच नका असं मी स्पष्ट सांगेन. चांगली हवा भरायची होडी किंवा कयाक घ्या, कपाटात नाहीतर गॅरेजच्या भिंतीवर राहते, एचओएचा प्रश्नच नाही, मोटर नसलेल्या कयाकला टेक्सासात रजिस्ट्रेशनही लागत नाही. एक सीझन त्यात काढा, लेक कळू दे, रॅम्प कुठला सोयीचा ते कळू दे, मग त्या रॅम्पच्या जवळपास जागा बघा आणि जागा हातात आल्यावर होडीचे पैसे भरा.