लडाख, स्पिती की गपगुमान कोकण?

आज टपरीवर तीन कटिंग झाले तरी बाईक ट्रिप कुठे काढायची ते आमचं ठरेना. एकाला लडाखमधली उमलिंग ला खिंडच हवीय, १९,०२४ फूट, पाटीजवळ फोटो काढायचा म्हणे, अरे पण तिथे श्वास कोण घेणार, तुझा बाप? दुसरा स्पितीवर अडलाय, किन्नौरकडून हळूहळू चढत काझाला गेलं की हवेची सवय होते, मनालीकडून एकदम चढलं तर डोकं धरतं, हे मात्र त्याचं खरंय. मी आपला गुपचूप मॅपवर कोकणातला रेवस ते रेडी किनारी रस्ता बघत बसलो, दाभोळला बाईक फेरीत टाकायची नि पलीकडे उतरून मासे हाणायचे. सुट्टी आठच दिवस, ती तर पुणे-मनाली जाऊनयेऊनच संपेल की राव. घरी येऊन बायकोला विचारलं तर म्हणते, आधी चेन बदल, दोन महिने खडखडतेय.