जुन्या स्पीडबोटीचा धडधडाट कमी करताना

महोगनीच्या जुन्या स्पीडबोटींवर जीव असणाऱ्या माणसांसमोर एक्झॉस्टला सायलेन्सर बसवण्याचा विषय काढला, की निम्म्या जणांच्या कपाळावर आठ्या पडतात. ख्रिस-क्राफ्ट, हॅकर-क्राफ्ट, गार वुड किंवा रिवा यांपैकी कोणतीही बोट घ्या, तिचा आवाज हा तिच्या देखणेपणाचाच भाग आहे असे ते मानतात, आणि मलाही ते पटते. पण अर्धा तास सलग चालवल्यावर शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागते, मागच्या बाकावरच्या माणसाचे डोके भणभणते आणि काठावरचे लोक बोट दिसण्याआधीच वैतागलेले असतात, हेही तितकेच खरे आहे. त्या आवाजातली खोल घरघर राहावी आणि कानात घुसणारा कर्कशपणा जावा, हे साधता येते. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये: आधी पाणी, मग सांधे आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सर. बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात.

या बोटी मुळात इतक्या मोठ्या आवाजाच्या का, हे समजून घेतले की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. त्यांतल्या अनेकींना कारखान्यातून सायलेन्सर असा मिळालेलाच नव्हता. मॅनिफोल्डमधून (सगळ्या सिलिंडरांचा वायू एकत्र करणाऱ्या नळकांड्यातून) निघालेल्या वायूत इंजिन थंड करून आलेले पाणी मिसळायचे आणि ते मिश्रण सरळ पाइपातून बोटीच्या मागच्या फळीतून, जलरेषेच्या जरा वर, बाहेर सोडायचे, एवढीच ती रचना होती. आवाज दाबण्याचे सगळे काम त्या पाण्यावर सोपवलेले होते आणि ते काम पाणी उत्तम करते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसचा वायू ५० अंशांच्या आसपास आला, की त्याचे आकारमान एक तृतीयांशाहून थोडेसेच जास्त उरते. म्हणजे पाइपातून धावणारा वायूच कमी होतो, वेग उतरतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या स्फोटामागून येणारा धक्का बोथट होतो. हेच पाणी कमी पडले, तर पुढे कितीही महागडा सायलेन्सर लावला तरी तो गरम, कोरडा आणि फुगलेला वायू झेलत बसतो आणि लवकरच जळून जातो.

म्हणून मी सर्वप्रथम पाणी मिसळणारा एल्बो, म्हणजे पाइपाचा कोपरासारखा वाकडा तुकडा, उघडून पाहतो. आमच्या सहा सिलिंडरच्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या जुन्या धाटणीच्या) इंजिनाचा एल्बो काढला, तेव्हा आतल्या कडेभोवतीची पाण्याची भोके गंज आणि खाऱ्या पाण्याचा थर साचून जवळजवळ बुजलेली दिसली. काही भोकांतून तारही जात नव्हती, आणि उरलेल्यांतून येणारे पाणी पाइपाच्या एकाच बाजूने ओघळत जाऊन वायूला नीट भिजवत नव्हते. पातळ स्क्रू-ड्रायव्हरने खरवडताना चॉकलेटी रंगाच्या कडक पापुद्र्यांचा लहानसा ढीग बाकावर जमला. भोके मोकळी करून आणि पंपाचा कडक झालेला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बदलून बोट पाण्यात उतरवली, तेव्हा आवाजातली चिरकी धार तेवढ्यानेच गेलेली होती. आधी हात लावता येत नव्हता ती मागची रबरी नळी आता कोमट लागत होती. ही परीक्षा कोणालाही करता येते, मात्र सुरुवातीला नळीला हात न लावता तो जवळ नेऊनच ऊब पाहावी. काही जुन्या रचनांत इंजिनातून आलेले थोडे पाणी एक्झॉस्टकडे जाते आणि उरलेले बाजूच्या छोट्या नळीतून परस्पर बाहेर पडते. तिथे एक्झॉस्टचा वाटा वाढवून पाहण्यासारखा असतो, पण इंजिनाचे तापमान आणि पुढे सांगितलेला बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला अडथळा झाल्याने मागे साचणारा दाब) यांवर लक्ष ठेवूनच. संथ चालीत पाणी उलटे ओढले जाऊन सिलिंडरपर्यंत पोहोचू नये, यासाठी ते मिसळण्याची जागा पाइपाच्या सर्वांत उंच बिंदूच्या पलीकडे, उतारावर असली पाहिजे. जुन्या बोटीत कोणी नंतर फेरफार केलेले असतील, तर ही गोष्ट मुद्दाम तपासावी.

सांध्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण ते टाळूही नये. मॅनिफोल्डचे गॅस्केट एका कोपऱ्यात फुंकत असेल, तर इंजिन गार असताना टिकटिक ऐकू येते आणि ब्लॉक तापून सांधा बसला की ती थांबते, त्यामुळे लोकांचे दुर्लक्ष होते. ही गळती केवळ आवाजाची नाही. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड इंजिनाच्या पेटीत आणि तिथून बसायच्या जागेत येतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. नळ्या समुद्री एक्झॉस्टसाठीच बनवलेल्या असाव्यात आणि प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प असावेत.

आता सायलेन्सर. सहा सिलिंडरचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला २४०० फेरे करत असेल, तर एक्झॉस्टचे ठोके सेकंदाला १२० पडतात, म्हणजे मूळ सूर १२० हर्ट्झचा असतो. साध्या पोकळ पेटीचा सायलेन्सर एखाद्या सुरावर सर्वांत जास्त परिणाम करतो तो पेटीची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या चौथा हिस्सा असताना. कोरड्या, ६०० अंशांच्या वायूत ध्वनी सेकंदाला जवळजवळ ५९० मीटर जातो, तेव्हा ही लांबी सव्वा मीटरच्या घरात येते आणि तेवढी पेटी छोट्या बोटीत मावणे अवघड असते. थंड झालेल्या वायूत ध्वनीचा वेग ३६० मीटरवर येतो आणि पाऊण मीटरची पेटी पुरते. पाण्याचा हा दुसरा उपकार मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामुळेच सायलेन्सर बोटीच्या पोटात बसतो. पेटीच्या जाडीचाही हिशेब सरळ आहे. ३ इंची पाइपावर ६ इंच व्यासाची पोकळ पेटी लावली, तर गणिताप्रमाणे फार तर साडेसहा डेसिबल कमी होतात, तर ९ इंच व्यासाच्या पेटीने १३ डेसिबलपर्यंत. दहा डेसिबल उतरले की माणसाच्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे हा फरक मामुली नाही. आतल्या पडद्यांमुळे आणि उसळणाऱ्या पाण्यामुळे प्रत्यक्ष आकडे बदलतात, पण लहान पेटीकडून मोठी अपेक्षा ठेवू नये, हे या गणितातून पक्के कळते.

जागा शोधणे हेच यातले खरे कष्टाचे काम. फरशीखालून फ्रेमांच्या मधून गेलेला पाइप, शेजारी सुकाणूचे दांडे आणि बऱ्याच बोटींत मागे पेट्रोलची टाकी, यांच्यामध्ये पेटी बसवायची आणि वर पाइपाचा उतारही टिकवायचा. दर फुटाला निदान अर्धा इंच उतार हवा, नाहीतर थांबलेल्या बोटीत पाणी मागे सरकते. पेटीत येणारे आणि जाणारे तोंड मध्यभागी असेल, तर तळाला पाणी साचून राहते. म्हणून ओल्या एक्झॉस्टसाठी बाहेर जाणारे तोंड खालच्या कडेला असलेली, फायबरग्लास किंवा रबराची पेटी मला जास्त योग्य वाटते. इंजिन जलरेषेच्या खाली असेल, तर पाणी वर ढकलणारा वॉटरलिफ्ट सायलेन्सर लागतो. तो असलेल्या बोटीत इंजिन लवकर सुरू होत नसताना स्टार्टर दाबत राहणे धोक्याचे, कारण पंप पाणी भरत राहतो, ते बाहेर ढकलायला वायू नसतो आणि शेवटी ते सिलिंडरमध्ये शिरते. पेटी किंवा पाइप फ्रेमला लोखंडी पट्टीने घट्ट आवळू नये, मध्ये रबर ठेवावे, नाहीतर सगळी लाकडी फळी तबल्याच्या पुडीसारखी वाजते. आणि माझा एक आग्रह: मागच्या फळीला नवे भोक पाडू नये. मूळ तोंडे, मूळ पितळी कड्या तशाच ठेवून आतच बदल करावा, म्हणजे पुढच्या मालकाला हवे तेव्हा सगळे पूर्ववत करता येईल.

सायलेन्सर बसला की बॅक प्रेशर मोजलाच पाहिजे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पाणी मिसळण्याआधीच्या कोरड्या भागात छोटी जोडणी करायची, तिथून तांब्याची नळी काढून पुढे पारदर्शक नळीचा यू आकार करायचा आणि त्यात रंगीत पाणी भरायचे. बोट पूर्ण थ्रॉटलवर, पाण्यावर, भारासह चालवताना दोन बाजूंच्या पातळीतला फरक पाहायचा. ७० सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण १ पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड दाब). पातळी सतत नाचत असते, म्हणून नळीच्या तोंडाशी बारीक अडथळा ठेवला की ती शांत होते आणि वाचता येते. इंजिनाच्या पुस्तकातली मर्यादा ओलांडली, तर फेरे कमी पडतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात आणि जपून ठेवलेले इंजिन हकनाक झिजते. अशा वेळी पेटी परत काढावी लागली तरी काढावी.

पाण्याखालून एक्झॉस्ट सोडणे हा सर्वांत शांत उपाय आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौदलाच्या पीटी बोटींवर (टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या वेगवान बोटींवर) पॅकार्डची तीन इंजिने असत आणि हळू जाताना झडपा बंद करून त्यांचा वायू सायलेन्सरमधून पाण्याखाली वळवत. वेग वाढवायचा असला की झडपा उघडाव्या लागत, कारण एवढा वायू अडवून ती इंजिने चाललीच नसती. सायलेन्सर आणि थेट तोंड यांच्यात स्विचने बदल करणारी झडप आजही मिळते, पण जुन्या लाकडी तळाला त्यासाठी भोके पाडणे मला मान्य नाही.

कायद्याच्या बाबतीत जुन्या बोटींना थोडी मोकळीक आहे. युरोपियन युनियनच्या नियमांत ४० किलोवॅटहून मोठ्या इंजिनाला ७५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र १९५० पूर्वी आराखडा केलेल्या मूळ ऐतिहासिक बोटी त्या नियमांच्या बाहेर आहेत. अमेरिकेतल्या काही राज्यांत इंजिन बिनभाराने संथ फिरत असताना मोजणी करतात आणि १९९३ पूर्वीच्या इंजिनाला ९० डेसिबल, नंतरच्याला ८८ अशी सीमा आहे. हे ए-वजनाचे, म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार जुळवलेले, डेसिबल खोल सुरांना कमी मोजतात. मीटर समाधानी असूनही काठावरच्या घरांच्या खिडक्या थरथरू शकतात, म्हणून मीटर पाहिल्यावर काठावर उभे राहून स्वतः ऐकणे मी सोडत नाही.

एक्झॉस्ट शांत झाला, की आजवर झाकलेले आवाज वर येतात: कार्ब्युरेटरची ओढ, गिअरबॉक्सची कुरकुर, इंजिनाच्या पेटीचे झाकण. झाकणाला आतून जड, आग न पकडणारा थर लावला तर बराच फरक पडतो, पण हवा येण्याजाण्याची तोंडे आणि ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) जराही झाकता कामा नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. चालत्या बोटीच्या मागे हवेचा दाब उतरतो आणि बाहेर गेलेला वायू पुन्हा आत खेचला जातो. आधी मोठा आवाज आणि धूर यांमुळे माणसे मागच्या कडेला बसत नसत, आता शांततेमुळे तिथे बसू लागतात. म्हणून आमच्या बोटीत मागच्या बाकाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे आणि इंजिन सुरू असताना मागच्या फळीवर कोणाला बसू देत नाही.