परजीवी आपले जीन्स बदलतो का?

मी टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीवर काम करते असं कळलं की पहिला प्रश्न मांजराचा येतो. दुसरा जरा आवाज खाली करून येतो: "तो परजीवी पेशीत शिरतो म्हणजे आपले जीन्स बदलतो का हो? मग ते पुढे मुलाबाळांत उतरतं?" मागच्या वर्षी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानानंतर एक बाई हेच विचारायला थांबल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, फाइलमध्ये टॉर्च टेस्टचा (गरोदरपणात धोक्याच्या ठरणाऱ्या संसर्गांसाठी करतात त्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, 'टॉक्सो आयजीजी पॉझिटिव्ह' या ओळीभोवती कोणीतरी पेनाने दोनदा गोल काढलेला. दोन गर्भपात झाले होते. हिच्या रक्तातच दोष आहे, असं सासरी ठरून गेलं होतं. उभ्याउभ्या मी जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

जीन्स बदलत नाहीत. शेतकरी घरातल्या माणसाला मी असं सांगते, की सातबारा तोच राहतो, त्या हंगामात रानात काय पेरलं ते बदलतं. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत डीएनए एकच असतो. कुठले जीन चालू आणि कुठले बंद, यावरून कोणती पेशी कसली ते ठरतं. परजीवी आत आला की पेशी हीच चालू-बंद करण्याची यंत्रणा कामाला लावते, आणि परजीवीही हात घालतो तो तिच्यावरच.

आधी पेशीची बाजू. संसर्ग झाला की आपल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडतात. हा बाकीच्या पेशींना दिलेला सावधगिरीचा निरोप. तो मिळालेल्या पेशीत टॉक्सोप्लाझ्मा का वाढत नाही, याचं उत्तर अमेरिकेत डार्टमथला एल्मर फेफरकॉर्न यांनी १९८४ साली दिलं. निरोप मिळाला की माणसाच्या त्वचेखालची पेशी एरवी जवळजवळ गप्प असलेला एक जीन चालू करते. त्यातून तयार होणारं एन्झाइम ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फोडून संपवतं. टॉक्सोप्लाझ्माला ट्रिप्टोफॅन स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे त्याची उपासमार होते. फेफरकॉर्न यांनी बाहेरून भरपूर ट्रिप्टोफॅन घातलं, तर तो पुन्हा वाढायला लागला. घरातला दाणागोटा स्वतःच संपवून घुसखोराला उपाशी मारणारी ही पेशी मला आजही थक्क करते.

आता परजीवीची बाजू. इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकापर्यंत नेतं ते स्टॅट-१ हे प्रथिन. ते डीएनएवर ठरलेल्या जागी बसतं आणि लढाईचे जीन चालू होतात. टॉक्सोप्लाझ्मा पेशीत स्वतःभोवती एक पिशवी करून राहतो आणि तिच्या पडद्यातून आपली प्रथिनं बाहेर पाठवतो. त्यातली काही थेट आपल्या केंद्रकात पोचतात. २०१६ साली ग्रेनोबल आणि सेंट लुईस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे अशा एका प्रथिनाचं काम उलगडलं. त्याचं नाव टीजीआयएसटी. ते स्टॅट-१ ला गाठतं आणि आपल्याच पेशीतल्या न्यूर्ड नावाच्या प्रथिनसमूहाला तिथे ओढून आणतं. डीएनए घट्ट गुंडाळून जीन बंद ठेवणं हे न्यूर्डचं रोजचं काम. म्हणजे कुलूप आपलंच, लावणारा परका.

हे शोधनिबंधात वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. काचेच्या चकतीवर पेशींचा थर होता, त्यांत आधी परजीवी सोडून मग इंटरफेरॉन दिलेला होता, आणि आयआरएफ-१ हे निरोप मिळाल्यावर लवकर तयार होणारं प्रथिन लाल दिसेल असं रंगवलेलं होतं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले तर केंद्रकं लालभडक, एकाशेजारी एक. मधेच एक पेशी, तिच्यात आठ परजीवी फुलाच्या पाकळ्यांसारखे दाटीवाटीने बसलेले, आणि तिचं केंद्रक काळं. शेजारणींना मिळालेला निरोप तिलाही मिळाला होता, स्टॅट-१ तिच्याही केंद्रकात पोचलेलं होतं. तिच्या डीएनएतलं एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं, ते वाचू दिलं जात नव्हतं इतकंच. क्रम उलटा केला, म्हणजे आधी इंटरफेरॉन आणि मग परजीवी, की पेशी तयारीत असते आणि त्याचं फारसं चालत नाही.

सगळेच जीन तो बंद करतो असंही नाही. त्याचं जीआरए-२४ हे प्रथिन उलट दाहाचे जीन पेटवतं. यजमान मेला तर त्यालाही जागा उरत नाही, म्हणून थोडी लढाई होऊ देणं त्याच्या सोयीचं असावं असं मला वाटतं.

बदल कायमचे नसतात हे समजायला गोठ्यात जावं लागेल. संकरित गाय पाळणाऱ्यांना गोचीडताप माहीत असतो: खांद्याजवळची गाठ सुजते, ताप उतरत नाही. त्यामागचा थायलेरिया हा टॉक्सोप्लाझ्माचा दूरचा भाऊबंद. तो गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरला की ती कॅन्सरच्या पेशीसारखी बेलगाम वाढू लागते आणि दर विभागणीत परजीवीही दोन्ही पेशींत वाटला जातो. पण बुपारव्हाक्वोन हे औषध देऊन आतला परजीवी मारला, की तीच पेशी वाढायची थांबते. जीन्समध्येच मोडतोड झाली असती तर परजीवी मेल्यावरही ती वाढतच राहिली असती.

आता त्या बाईंचा रिपोर्ट. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेला, आणि शरीर तो ओळखून आहे. कच्चं मांस, न धुतलेली भाजी, माती, मांजराची विष्ठा, कशातूनही तो होतो. जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांना होऊन गेल्याचा अंदाज आहे. खरा धोका पहिला संसर्ग नेमका गरोदरपणात झाला तर असतो. तेव्हा वारेतून बाळाकडे जातो तो परजीवी स्वतः, आईचा कुठलाही बिघडलेला जीन नाही. त्या एका ओळीवरून दोन गर्भपातांचं कारण सांगता येत नाही, ते दुसरीकडे शोधायला हवं, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.

मग फाइल हातात घेऊन पेनाच्या गोलाखालची ओळ दाखवली. तिथे 'आयजीएम निगेटिव्ह' असं छापलेलं होतं. म्हणजे नव्या संसर्गाची खूण नव्हती. त्या ओळीवर तोवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.