‘छान आहे’ म्हणणारे आणि विकत घेणारे

आईचा अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो, त्यामुळे कुलपात चावी फिरवणं तिला नको व्हायचं. चिमटीत धरायचं आणि पिळायचं, नेमकं तेवढंच जमत नव्हतं. मी लाकडाची एक मूठ केली, खाच पाडून चावीचं डोकं त्यात बसवलं, आणि तिने एका झटक्यात कुलूप उघडलं तेव्हा वाटलं की झालं, आता हे बाजारात आणायचं. तिथपासून पहिला लॉट विकायला येईपर्यंत तीन वर्षं गेली.

आयडिया घेऊन बसलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुणी चोरली तर? ते आधी सांगून टाकतो. बऱ्याच देशांत तुम्ही वस्तू जगजाहीर केली, म्हणजे व्हिडिओ टाकला किंवा प्रदर्शनात मांडली, की पेटंटसाठी ती ‘नवीन’ राहत नाही. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे पण सगळीकडे तसं नाही, म्हणून आधी अर्ज मग गाजावाजा. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या अर्जाची सोय असेल तर तो टाकला की पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आणि पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, त्याने गिऱ्हाईक येत नाही. माझे पहिले सहा महिने या काळजीतच गेले, मुठीला हातसुद्धा लावला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

खरा प्रश्न वेगळाच निघाला. ज्याला दाखवावं तो म्हणायचा छान आहे, नक्की घेईन. मी ते सगळं वहीत लिहून ठेवायचो. मग एकदा सांधेदुखी असलेल्या एका काकूंच्या हातात मूठ दिली, काही सांगितलं नाही, बाजूला गप्प उभा राहिलो. त्यांनी ती उलटी धरली. चावी आत सरकवायला दुसऱ्या हाताने दाबावं लागत होतं आणि त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटंही तशीच दुखरी. दोन मिनिटं खटपट करून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, छान केलंयस हो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की वहीतल्या सगळ्या ‘छान’चा अर्थ हाच होता.

वापरायला देणं किती मोठी गोष्ट आहे ते पोस्ट-इटच्या, म्हणजे चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून कळतं. थ्री-एम या अमेरिकन कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ मध्ये तो अर्धवट चिकटणारा गोंद शोधला, पण त्याचं करायचं काय हे कळेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला भजनांच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडतात म्हणून तो गोंद आठवला. तरी १९७७ मध्ये चार शहरांत विकून बघितलं तर प्रतिसाद थंडच. पुढच्या वर्षी बॉइझी शहरात नुसती फुकट सॅम्पल वाटली आणि ९० टक्क्यांहून जास्त लोक विकत घेऊ म्हणाले! गोंद तोच, कागद तोच, फक्त आता तो लोकांच्या टेबलावर पोचला होता. १९८० मध्ये ते अमेरिकाभर विकायला आलं, म्हणजे गोंदापासून बारा वर्षं.

मग मीही तेच केलं, वीस मुठी वाटल्या आणि महिनाभराने परत मागितल्या. ज्यांनी द्यायला नकार दिला तेच माझे खरे गिऱ्हाईक. परत आलेल्यांतल्या दोन मुठींत चावी पिळवटलेली होती. मूठ ८ सेंमी लांब ठेवली होती, जेवढी लांब तेवढा जोर कमी लागतो हे बरोबर, पण कुलूप अडकलेलं असेल तर तोच जोर पातळ चावीवर येतो आणि हाताला काही कळतच नाही. ती ५ सेंमी केली, ‘अजून हलकी फिरेल अशी करा’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं नाही, आणि तो निर्णय बरोबर होता असं मला ठामपणे वाटतं.

लाकडातून प्लॅस्टिकमध्ये जाणं हे आणखी एक प्रकरण. साचे बनवणाऱ्या टूलरूममधल्या काकांनी ड्रॉइंग बघितलं आणि चावी अडकवायच्या आतल्या ओठावर बोट ठेवलं, हा अंडरकट आहे, म्हणजे साच्यात अडकून राहणारा भाग, साचा सरळ उघडणार नाही, सरकता भाग घालावा लागेल आणि खर्च वाढेल. शिवाय भिंती अगदी सरळ, तुकडा साच्यातून सुटायला एखाद-दोन अंशांचा उतार लागतो, तो नाहीच. जाड जागी प्लॅस्टिक थंड होताना आत ओढलं जाऊन खड्डा पडणार तो वेगळाच. तासभर बसून आम्ही मुठीचे दोन अर्धे भाग केले जे एकमेकांत टक करून बसतात, ओठ गेला, आणि काकूंना जी चावी दाबून सरकवावी लागत होती ती आता मूठ उघडून नुसती आत ठेवायची. साच्याच्या अडचणीतून त्यांची अडचण सुटली याचा मला फार आनंद झाला.

सध्या पहिला लॉट संपत आलाय. कमी दिसणाऱ्या एका गृहस्थांनी कळवलं की चार चाव्यांना चार मुठी लावल्यात पण हाताला सगळ्या सारख्याच लागतात, वर उठावाचे ठिपके द्याल का. काकांना विचारलं तर म्हणाले, सोप्पं आहे, तुकड्यावर काही वाढवायचं म्हणजे साच्यात थोडं कोरायचं, काढायचं असतं तर धातू भरत बसावं लागलं असतं. एक ठिपका ते चार ठिपके, साच्यात सुट्या बदलत्या पिना घालून करायचं ठरलंय, आणि पहिले चार नमुने त्या गृहस्थांकडेच जाणार आहेत.