खांदा पुन्हा पुन्हा उतरतो? आधी हाड मोजा

कबड्डीत चढाईवर गेलेल्या पोराचा हात मागं पकडून ओढला, की खांदा पुढच्या बाजूला उतरतो. पहिल्या वेळी जीव कासावीस होतो. पुढं पुढं तो स्वतःच हात फिरवून बसवायला शिकतो, कधी हाडवैद्य बसवून देतो, आणि घरचे म्हणतात, "आता सवय झाली त्याला." ही सवय नव्हे. दर वेळी खांद्याच्या वाटीचा पुढचा काठ थोडा झिजतो किंवा त्याची कपची निघते, आणि चेंडूच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याच्या, मागच्या अंगाला खाच पडते. त्या खाचेला हिल-सॅक्स म्हणतात.

लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. चमच्याचा काठ शाबूत असेल तोवर लिंबू डुगडुगतं, पण पडत नाही. एका बाजूचा काठ घासून गेला, की त्या अंगाला जरा कललं तरी लिंबू खाली. अशा चमच्याला कितीही चांगली दोरी बांधली तरी उपयोग नाही. दुर्बिणीतून होणारं बँकार्ट ऑपरेशन हे दोरी बांधण्याचं काम आहे: वाटीच्या काठाभोवतीची फाटलेली मऊ कड, म्हणजे लॅब्रम, हाडात दोरा अडकवणाऱ्या खुंट्या (अँकर) टाकून पुन्हा काठाला शिवतात. काठ शाबूत असेल तर ते उत्तम. काठच नसेल तर ते टिकत नाही. बर्कहार्ट आणि डी बीअर या सर्जनांनी २००० साली दुर्बिणीनं केलेल्या १९४ ऑपरेशनचा हिशोब मांडला. हाडाची मोठी झीज नसलेल्यांत खांदा पुन्हा उतरण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, झीज असलेल्यांत ६७ टक्के. म्हणून "छोटी चीर, दोन दिवसांत घरी" एवढ्यावर ऑपरेशन ठरवू नका. आधी मोजमाप विचारा.

मोजमाप एमआरआयच्या कागदावर भागत नाही, साध्या एक्स-रेवर तर नाहीच. थ्रीडी सीटी लागतो, आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यायचं: "चेंडू वगळून वाटीचं समोरून चित्र." हे लिहिलं नाही, की नुसत्या काळ्या-पांढऱ्या चकत्यांची फिल्म हातात येते आणि लातूर-नांदेडला पुन्हा हेलपाटा होतो. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. वाटीचा खालचा भाग जवळपास गोल असतो. त्यावर वर्तुळ बसवायचं, पुढच्या बाजूला किती मिलिमीटर हाड कमी आहे ते मोजायचं आणि वर्तुळाच्या व्यासाशी टक्केवारी काढायची. २० ते २५ टक्क्यांच्या पुढं हाड भरावंच लागतं, यावर फारसा वाद नाही. पण शाहा या संशोधकांच्या २०१५ च्या अभ्यासानं १३.५ टक्क्यांपासूनच सावध केलं: तिथं खांदा उतरला नाही तरी भरवसा येत नाही. विशीच्या आतला, स्पर्धेत कुस्ती-कबड्डी खेळणारा मुलगा असेल, तर या मधल्या पट्ट्यातही माझा कल हाड भरण्याकडंच आहे.

वाटी आणि खाच यांचा हिशोब एकत्र करावा लागतो, आणि इथंच बरेचदा गफलत होते. समजा वाटीचा व्यास २८ मिलिमीटर. त्याचे ८३ टक्के म्हणजे सुमारे २३. हात वर करून बाहेर फिरवला, की चेंडूवर वाटीला टेकणारा पट्टा एवढा रुंद असतो. आता वाटीचं ६ मिलिमीटर हाड गेलं असेल, तर पट्टा उरला १७. चेंडूवरची खाच १४ आणि खाच ते मागचा स्नायू जिथं चिकटतो ती जागा यांच्यामधलं हाड ५, म्हणजे एकूण १९. १९ हे १७ पेक्षा जास्त, म्हणून खाच पट्ट्याबाहेर पडते, वाटीच्या काठात अडकते आणि खांदा निसटतो. वाटी पूर्ण असती तर हीच खाच २३ च्या आत राहिली असती. म्हणजे खाच तीच, धोका वाटीनं वाढवला. वाटीची झीज कमी आणि खाच तेवढी मोठी असेल, तर बँकार्टबरोबर मागचा इन्फ्रास्पायनेटस स्नायू खाचेत शिवतात. त्याला रेम्प्लिसाज म्हणतात. हात बाहेर फिरवण्याची थोडी कक्षा त्यात जाते, हे आधी सांगायला हवं.

हाड भरण्याचं नेहमीचं ऑपरेशन म्हणजे लातार्जे. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या मिशेल लातार्जे यांनी ते १९५४ मध्ये मांडलं. कॉलरबोनच्या खाली बोट दाबलं की टोकदार उंचवटा लागतो. ते कोराकॉइड, कावळ्याच्या चोचीसारखं हाड. पुढून ५ ते ७ सेंटिमीटरची चीर घेतात. छातीचा लहान स्नायू सोडवून कोराकॉइड त्याच्या वाकणापाशी कापतात. २ ते अडीच सेंटिमीटरचा तुकडा मिळतो, टोकाला चिकटलेल्या स्नायुबंधांसकट. त्याची खालची बाजू खरवडून रक्ताळती करतात आणि सुमारे १ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडतात. मग सांध्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू तोडायचा नाही, धाग्यांच्या दिशेनं आडवा फाकवायचा, वरचे दोन भाग आणि खालचा एक भाग यांच्या मधून. तुकडा वाटीच्या पुढच्या-खालच्या काठावर, उजव्या खांद्यात घड्याळातल्या ३ ते ५ च्या जागी, दोन स्क्रूंनी आवळतात. नुसतं हाडच काम करत नाही: हात वर उचलला, की तुकड्याबरोबर आलेला स्नायुबंध चेंडूच्या पुढं पट्ट्यासारखा ताणला जातो. खांदा धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

सगळं कौशल्य तुकडा बसवण्यात. तो वाटीच्या कूर्चेशी समपातळीत हवा. मिलिमीटरभर बाहेर आला तरी चेंडू त्यावर घासतो आणि काही वर्षांत सांधा झिजतो. फार आत गेला तर आधारच मिळत नाही, खांदा पुन्हा उतरतो. स्क्रू वाटीला शक्य तितके समांतर आणि मागच्या कवचात पकडणारे लागतात. तिरके व लांब गेले, तर मागची सुप्रास्कॅप्युलर नस दुखावते. फार आवळले तर तुकडाच दुभंगतो. कोराकॉइडच्या टोकापासून साधारण ५ सेंटिमीटरवर, कधी त्याहून वर, मस्क्युलोक्युटेनियस नस स्नायूत शिरते. स्नायुबंध जोरात खाली ओढले, की बायसेप्स कमजोर पडतो आणि कोपराखाली बाहेरच्या अंगाला बधिरपणा येतो. बहुतेकदा ते काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येतं, पण सहीच्या कागदावर हे असायला हवं. झीज फारच मोठी असेल किंवा आधीचं लातार्जे फसलं असेल, तर कमरेचं हाड घेतात.

फिट येणाऱ्या माणसाचं आधी फिट आटोक्यात आणा. एक झटका स्क्रूसकट सगळं उखडू शकतो.

नंतर दोन-तीन आठवडे झोळी. बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवायचं. कोपर दुसऱ्या हाताच्या आधारानं. पण सहा आठवडे कोपर वाकवून कळशी, पिशवी, डंबेल काही उचलायचं नाही, कारण कोपर वाकवणारा स्नायूच तुकड्याला खेचतो. झोळी सुटली म्हणून मोटारसायकल काढणारे इथंच फसतात. तुकडा जुळला का, ते तीन महिन्यांनी सीटीवर दिसतं, आणि तंबाखू-विडी सुटली नसेल तर तो न जुळण्याचा धोका वाढतो. मॅटवर किंवा आखाड्यात चार ते सहा महिन्यांनी, तेही ताकद दुसऱ्या खांद्याच्या जवळ आली तर.

बीड-धारूरकडच्या ऊसतोड माणसाला हा हिशोब हंगामाशी जुळवावा लागतो. मोळी डोक्यावर नेऊन फळीवरून गाडीत चढवणं हे खांद्यासाठी सगळ्यात अवघड काम. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की लगेच ऑपरेशन करून घ्यावं, म्हणजे दिवाळीपर्यंत सहा महिने मिळतात. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि उचल घेण्याआधी मुकादमाला सांगून ठेवा, की या वर्षी कोयत्यावर यायचं की नाही ते तीन महिन्यांच्या सीटीवर ठरेल.