तुम्ही विचारलंत म्हणून: विंगरला बॅकला टाकलं तर तो वाया जातो का?

मुलांना फुटबॉल शिकवतो म्हटल्यावर पालकांचे मेसेज येत राहतात आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. मुलगा विंगर आहे, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करतो, चांगला ड्रिबल करतो, बॉल पायाशी ठेवून माणसाला चकवतो, आणि आता कोचने त्याला लेफ्ट-बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावात टाकलंय, त्याचं नुकसान होणार ना, क्लब बदलू का? कधी मुलीबद्दल असतो पण प्रश्न हाच. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो, आणि लिहिताना आर्सेनल आणि इंग्लंडचा विंगर बुकायो साकाची सुरुवातीची दोन-तीन वर्षं समोर ठेवतो, कारण या प्रश्नाचं इतकं सविस्तर उत्तर मला दुसऱ्या कुठल्या तरुण विंगरच्या करिअरमध्ये दिसलेलं नाही.

साका लंडनचा, सप्टेंबर 2001 चा जन्म, आर्सेनलच्या हेल एंड अकॅडमीत लहानपणापासून वाढलेला, डावखुरा. सीनियर टीमकडून पहिली मॅच नोव्हेंबर 2018 मध्ये युरोपा लीगमध्ये, तेव्हा वय 17. मग 1 जानेवारी 2019 ला फुलहॅमविरुद्ध शेवटची काही मिनिटं मिळाली आणि 2001 मध्ये जन्मलेला प्रीमियर लीग खेळणारा तो पहिला खेळाडू ठरला. तोपर्यंत सगळं विंगर म्हणूनच चाललं होतं. सप्टेंबर 2019 मध्ये फ्रँकफर्टला जाऊन आर्सेनल 3-0 जिंकलं, त्यात त्याने स्वतः गोल मारला आणि स्ट्रायकर ऑबामेयांगला एक बनवूनही दिला. बाहेरून बघणाऱ्या कुणालाही वाटेल की झालं, आता याला विंगवर सोडा आणि खेळू द्या.

आणि नेमकं तेव्हाच वेगळं घडलं. नोव्हेंबरच्या शेवटी मॅनेजर उनाई एमरीला काढलं, डिसेंबरमध्ये लेफ्ट-बॅक टियर्नीचा खांदा निखळला, दुसरा लेफ्ट-बॅक कोलासिनाचही दुखापतीने बाहेर, म्हणजे लेफ्ट-बॅकला माणूसच उरला नाही. मिकेल आर्टेटाची मॅनेजर म्हणून पहिली मॅच 26 डिसेंबरला बोर्नमथला होती आणि लेफ्ट-बॅकला उभा होता 18 वर्षांचा साका. हा काही दूरदृष्टीचा प्लॅन वगैरे नव्हता, सरळ गरज होती. तुमच्या मुलाच्या बाबतीतही बहुतेक वेळा हेच असतं, कोचकडे बॅक नसतो आणि पळणारा, ऐकणारा मुलगा विंगवर असतो, म्हणून तो मागे जातो. त्यात अपमान शोधू नका.

त्या हिवाळ्यातल्या मॅचेस शक्य असेल तर परत बघा. एफए कपमध्ये बोर्नमथविरुद्ध पाचव्याच मिनिटाला डावीकडून आत घुसून मारलेला गोल आणि नंतर सहकारी एनकेटियाला दिलेला गोलचा पास. फेब्रुवारीत न्यूकॅसलविरुद्ध त्यांच्या लाझारोच्या पायांमधून बॉल काढून आपल्या पेपेला दिलेला कट-बॅक, म्हणजे एंड लाइनजवळून मागे दिलेला पास, त्यानंतर चार दिवसांनी ऑलिम्पियाकोसच्या मैदानावर लाकाझेटला दिलेला क्रॉस, मॅच 1-0. हे सगळं लेफ्ट-बॅकला नाव लागलेल्या मुलाने केलं. त्या सीझनमध्ये सगळ्या स्पर्धा धरून त्याचे असिस्ट, म्हणजे गोलआधीचे शेवटचे पास, दहाच्या वर गेले.

आता इथे एक गोष्ट जी स्कोअरकार्डवर दिसत नाही आणि पालकांना तर अजिबातच दिसत नाही. आर्टेटाचा लेफ्ट-बॅक मागे चिकटून बसणारा नव्हता. बॉल आपल्याकडे आला की शाका मिडफिल्डमधून डावीकडे मागे सरकून ती जागा धरायचा, समोरचा ऑबामेयांग आत गोलकडे जायचा, आणि मोकळी झालेली टचलाइन सगळी साकाची. म्हणजे बॉल असताना तो विंगर आणि बॉल गेला की बॅक. म्हणून मुलगा बॅकला खेळतो एवढं ऐकून मला काहीच कळत नाही, मी उलट विचारतो की टीमकडे बॉल असताना तो कुठे असतो? हाफ लाइनच्या पुढे जायला त्याला परवानगी आहे का? समोर मोकळं असेल तर बॉल घेऊन पळ म्हणतात का बघता क्षणी लांब मार म्हणून ओरडतात? या उत्तरांवर सगळं अवलंबून आहे.

विंगरला बॅकला राहून नक्की काय मिळतं, तर पहिलं म्हणजे मैदान. विंगरला बॉल बऱ्याचदा पाठीवर माणूस असताना मिळतो, एका बाजूला लाइन, बघायला वेळ नाही. बॅकला बॉल मिळतो तेव्हा सगळं मैदान समोर उघडं असतं, आणि सहा महिने रोज तसं बघितलं की कोण कधी मोकळा होतो, आपला विंगर कधी उगाच जवळ येऊन जागा खातो हे डोळ्यांत बसतं. दुसरं, समोरच्या विंगरचा त्रास स्वतः भोगला की कळतं बॅकला खरी भीती कशाची असते. नुसत्या वेगाची नाही, वेगाला कोन धरून अडवता येतं. भीती असते ती बॉल पायाशी ठेवून जवळजवळ थांबलेल्या विंगरची, जो आतही जाऊ शकतो आणि बाहेरही. आजचा साका उजव्या विंगवर नेमकं हेच करतो, बॅकसमोर येतो, वेग कमी करतो, त्याला आधी हलायला लावतो आणि मग डाव्या पायावर आत नाहीतर उजव्या पायाने एंड लाइनपर्यंत. हे त्या एका सीझननेच शिकवलं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्यात त्या सीझनचा वाटा मोठा आहे हे माझं पक्कं मत आहे.

तो कायमचा अडकला मात्र नाही. जुलै 2020 मध्ये नवा मोठा करार, काही दिवसांतच वुल्व्ह्जविरुद्ध पहिला प्रीमियर लीग गोल, ऑक्टोबरमध्ये इंग्लंडसाठी पहिली मॅच, तीसुद्धा डाव्या विंग-बॅकच्या जागी, म्हणजे विंगर आणि बॅक दोघांचं काम एकट्याने करायच्या जागी. आणि मग 26 डिसेंबर 2020, बोर्नमथच्या त्या मॅचनंतर बरोब्बर एक वर्षाने, लीगमध्ये सात मॅचेस न जिंकलेल्या आर्सेनलने चेल्सीविरुद्ध स्मिथ-रो, मार्टिनेली आणि उजव्या बाजूला साका अशी पोरं उतरवली, 3-1 जिंकले, साकाने उजवीकडून डाव्या पायाने चेल्सीचा गोलकीपर मेंडीच्या डोक्यावरून बॉल जाळ्यात टाकला. पुढे उजवी विंग त्याचीच झाली.

बरेच जण त्याला 2021 च्या युरो फायनलमधल्या चुकलेल्या पेनल्टीवरून ओळखतात, आणि त्यानंतर त्याच्यावर आणि पेनल्टी चुकलेल्या त्याच्या इंग्लंडच्या सहकाऱ्यांवर, रॅशफर्डवर आणि सांचोवर, जे वर्णद्वेषी घाणेरडं लिहिलं गेलं ते आठवलं की आजही संताप येतो, 19 वर्षांचा मुलगा होता तो. पुढच्या एप्रिलमध्ये चेल्सीच्या मैदानावर इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी मिळाली तेव्हा बॉल त्यानेच हातात घेतला आणि गोल मारला. इथे विषय जागेचा आहे म्हणून थांबतो.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकच उदाहरण धरून बसलाय. त्याच 2019 च्या हिवाळ्याच्या तोंडावर बायर्न म्युनिकमध्येही दुखापतींमुळे अलाबा सेंटर-बॅकला गेला आणि विंगर म्हणून घेतलेला अल्फोन्सो डेव्हिस लेफ्ट-बॅकला आला, आणि तो तिथेच राहिला. 2020 च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला 8-2 हरवलं त्यात बार्सिलोनाच्या सेमेडोला मागे टाकून सहकारी किमिखला बनवून दिलेला गोल आठवत असेल. कारण डेव्हिसची खरी ताकद मोठ्या मोकळ्या जागेत पळण्यात आहे, चुकला तरी मागे धावून बॉल परत मिळवतो, आणि मागून सुरुवात केली की त्याला तेवढी जागा मिळते. साकाची ताकद दोन-तीन माणसांच्या गर्दीत, बॉक्सच्या कडेला. गॅरेथ बेल तर उलटा आला, तो लेफ्ट-बॅक म्हणूनच मोठा झाला, टॉटनहॅमसाठी सुरुवातीच्या 24 लीग मॅचेसमध्ये त्याला एकही विजय बघायला मिळाला नव्हता, आणि नंतर पुढे सरकल्यावर ऑक्टोबर 2010 मध्ये सान सिरोवर इंटरविरुद्ध हॅटट्रिक. एकच जागा, तिघांच्या तीन वाटा. डेव्हिस बॅक झाला म्हणून त्याचं काही वाईट झालं का? जगातल्या सर्वोत्तम लेफ्ट-बॅकमध्ये त्याचं नाव घेतात.

वयाचाही भाग आहे. साका बॅकला गेला तेव्हा 18 वर्षांचा होता, विंगरचं सगळं मूलभूत काम अकॅडमीत होऊन गेलं होतं. 2024 च्या युरोमध्ये स्लोव्हाकियाविरुद्ध त्याला मधेच लेफ्ट-बॅकला सरकवलं तेव्हा मला ते अजिबात पटलं नाही, कारण तोवर तो तयार विंगर होता आणि तिथे त्याला नवीन काही मिळणार नव्हतं. पुढच्याच मॅचमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने 80व्या मिनिटाला बरोबरी साधली. तुमचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असेल तर त्याने सगळ्याच जागा खेळून बघायला पाहिजेत, गोलकीपरसुद्धा. चौदा-पंधराचा असेल तर कोचला स्पष्ट विचारा, किती महिने, आणि प्रॅक्टिसमध्ये एकास-एक ड्रिबलिंग आणि फिनिशिंग चालू राहणार का. मॅचमध्ये बॅक आणि प्रॅक्टिसमध्येही फक्त बॅक, असं वर्षभर चाललं तर मात्र काळजी करा, कारण ड्रिबलिंगचा हात, म्हणजे पायच, या वयात वापरला नाही तर बोथट होतो.

क्लब बदलायचा का, तर मी एकाच कारणासाठी हो म्हणेन. बॉल घेऊन माणसाच्या अंगावर गेला आणि बॉल गमावला म्हणून जिथे त्याला लगेच बाहेर काढतात, तिथून न्या, मग तो बॅकला खेळत असो वा विंगला.