मेणातल्या गाठीत टीबीचा डीएनए शोधताना

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मला जळगावातल्या एका लॅबमधले जुने ब्लॉक मिळाले. मानेच्या गाठींचे तुकडे, आधी फॉर्मेलिनमध्ये ठेवलेले आणि मग मेणात बसवलेले. मायक्रोस्कोपखाली टीबीसारखे दिसणारे, पण जंतू न सापडलेले. त्यांत टीबीच्या जंतूचा डीएनए मिळतो का, ते पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तपासणीने, बघायचं होतं. तुकडा सापडला की जेलवर रेघ दिसते.

काम सुरू झालं मे महिन्यात. त्या उकाड्यात मेण मऊ पडतं. ब्लॉक बर्फावर ठेवल्याशिवाय पातळ काप निघतच नाही. काप काढणारे काका प्रत्येक ब्लॉकला नवं ब्लेड लावायचे आणि मध्ये एक नुसत्या मेणाचा ब्लॉक कापायचे. मी वैतागले की म्हणायचे, "घाई नको करू माय." पुढे एकदा त्या रिकाम्या मेणातच टीबीची रेघ उमटली. आधीच्या गाठीतला कण कुठूनतरी आला होता. त्या दिवसाचं सगळं काम मी फेकून दिलं.

त्याआधीचा पहिला आठवडा मात्र सगळाच निगेटिव्ह होता. वहीत तसं लिहूनही टाकलं. मग सरांनी माणसाचं बीटा-ग्लोबिन जनुक लावून बघायला सांगितलं. माणसाच्या गाठीत माणसाचाच डीएनए सापडेना! जिथे तोच मिळत नाही, तिथे मूठभर जंतूंचा कुठून मिळणार?

दोष फॉर्मेलिनचा होता. ते डीएनएला प्रथिनांशी जखडतं. आम्लता आवरणारं बफर न घातलेलं असेल, तर त्यात फॉर्मिक आम्ल तयार होऊन डीएनएचे बारीक तुकडे पडतात. आमच्याकडे लांबच्या गावांहून आलेल्या बाटल्या दिवसेंदिवस तशाच पडून राहिलेल्या. आणि मी शोधत होते ५०० बेसपेअरच्या (डीएनएच्या जोडअक्षरांच्या) आसपासचा अख्खा तुकडा.

मग टीबीच्या जंतूच्या डीएनएतल्या आयएस६११० या क्रमातला फक्त १२३ बेसपेअरचा तुकडा धरला. टीबीच्या जंतूत या क्रमाच्या बहुधा अनेक प्रती असतात, म्हणून आशा जास्त. झायलीनने मेण काढायचं, प्रोटिनेज के हे प्रथिनं तोडणारं विकर घालून रात्रभर ५६ अंशांवर ठेवायचं, मग तासभर ९० अंशांवर, म्हणजे फॉर्मेलिनने डीएनए आणि प्रथिनांत घातलेले बंध थोडे सुटतात. बीटा-ग्लोबिनचाही आखूड तुकडाच घेतला.

या वेळी काही गाठींत रेघ आली, आणि शेजारचं रिकामं मेण स्वच्छ. काहींत मात्र बीटा-ग्लोबिनसुद्धा आलं नाही. त्यांच्यापुढचं 'निगेटिव्ह' खोडून मी 'सांगता येत नाही' असं लिहिलं.